शोधनिबंध वाचायला मोफत, छापायला साडेआठ लाख

शोधनिबंध कोणालाही पैसे न मोजता वाचता यावेत, या विचाराला जगभर ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात. आमचा त्याला विरोध आहे, असे आज एकही बडा शैक्षणिक प्रकाशक म्हणत नाही. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस हे सगळेच आपण या चळवळीला कसा हातभार लावतो ते अभिमानाने सांगतात. पंधरा वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. सरकारी पैशातून झालेले संशोधन लोकांना खुले करण्याची सक्ती करता येऊ नये, अशी तरतूद असलेले विधेयक अमेरिकेत २०११ च्या अखेरीस मांडले गेले, तेव्हा एल्सव्हियरने त्याला पाठिंबा दिला होता. केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी या कंपनीवर बहिष्काराची हाक दिली, हजारो संशोधकांनी सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने आपला पाठिंबा मागे घेतला. त्या विरोधापासून आजच्या स्वागतापर्यंत हे प्रकाशक कसे पोहोचले? त्यांचे मतपरिवर्तन झाले असे मानायला फारशी जागा नाही. ओपन ॲक्सेसमध्येही पैसा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. वाचकाकडून घ्यायचे ते लेखकाकडून घ्यायचे, एवढाच फेरफार करावा लागला. या फेरफाराची झळ सर्वांत जास्त बसते ती आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांना, म्हणून प्रकाशकांचा हा पाठिंबा आपण आपल्या हिशेबाने तपासून घ्यायला हवा.

इतर कोणत्याही प्रकाशन-व्यवसायाशी या व्यवसायाचे साम्य नाही. शोधनिबंध लिहिणाऱ्याला मानधन मिळत नाही. त्याचा पगार विद्यापीठ किंवा सरकारी संस्था देते आणि प्रयोगशाळेचा खर्च बहुतांशी करदात्यांच्या पैशातून भागतो. निबंध छापण्याजोगा आहे की नाही हे ठरवणारे समीक्षक त्याच विषयातले संशोधक असतात आणि तेही विनामोबदला राबतात. एका अभ्यासाचा अंदाज असा, की एकट्या २०२० या वर्षात जगभरच्या समीक्षकांनी या कामासाठी दहा कोटींहून अधिक तास दिले. या सगळ्यांच्या श्रमांतून तयार झालेला निबंध मग त्यांच्याच ग्रंथालयांना वर्गणी लावून विकला जातो. शिवाय इथे स्पर्धेने भाव उतरत नाहीत. एका कंपनीचे गोडेतेल महागले तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचे घेते; पण एका जर्नलमधला निबंध दुसऱ्या जर्नलमध्ये मिळत नाही, त्यामुळे ग्रंथपालाला दोन्ही घ्यावी लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पर्गामॉन प्रेस उभी करणाऱ्या रॉबर्ट मॅक्सवेल यांनी हे मर्म फार लवकर ओळखले होते. ती संस्था १९९१ मध्ये एल्सव्हियरकडे गेली. एल्सव्हियर ज्या रिलेक्स समूहाची कंपनी आहे, त्याच्या विज्ञान-वैद्यक विभागाचा २०२३ मधला नफा उलाढालीच्या सुमारे ३८ टक्के होता. इतका नफा कमावणाऱ्या बाजाराला स्वतःहून बदलण्याची घाई नसते.

प्रकाशकांनी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. बहुतेक प्रकाशक आज लेखकाला त्याच्या निबंधाचे स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे समीक्षेनंतर पक्के झालेले पण जर्नलच्या मांडणीत न बसवलेले रूप, काही मुदतीनंतर विद्यापीठाच्या मुक्त संग्रहात ठेवू देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘हिनारी’ योजनेत मोठ्या प्रकाशकांनी गरीब देशांतल्या आरोग्य संस्थांना आपली जर्नले मोफत किंवा नाममात्र दरात खुली केली आणि पुढे शेती व पर्यावरणाचे विषयही अशा योजनांत आले. कोविडची साथ पसरू लागली तेव्हा वेलकम ट्रस्टच्या पुढाकाराने ३१ जानेवारी २०२० रोजी निघालेल्या निवेदनावर अनेक प्रकाशकांनी सह्या केल्या आणि या विषाणूवरचे संशोधन तातडीने सर्वांना खुले झाले. लस आणि उपचार यांचा शोध त्यामुळे सोपा झाला, यात शंका नाही. परंतु या घटनेचा दुसराही अर्थ निघतो. निबंधाच्या वाटेतली भिंत ही तांत्रिक अडचण नसते. प्रकाशकाने मनावर घेतले तर ती काही दिवसांत बाजूला सरकते. क्षयरोग, सर्पदंश, ॲनिमिया हे आपल्याकडे रोजचे आहेत, म्हणून त्यांच्यावरचे संशोधन भिंतीआड राहावे असे कुठे आहे?

या सवलती एकीकडे ठेवल्या, तर प्रकाशकांनी ओपन ॲक्सेससाठी निवडलेला मुख्य रस्ता लेखकशुल्काचा आहे. निबंध स्वीकारला गेला की लेखकाने ठरलेली रक्कम भरायची आणि मग तो निबंध जगाला मोफत. इंग्रजीत याला ‘आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज’ म्हणतात आणि आपल्या विद्यापीठांत ‘एपीसी’ हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘नेचर’ने २०२१ मध्ये हा पर्याय सुरू केला तेव्हा शुल्क होते ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडे नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये आहे. एका निबंधाला त्याचे सव्वा वर्षाचे मूळ वेतन लागेल. ‘नेचर’ हे टोकाचे उदाहरण झाले, पण हजार-दोन हजार डॉलरचे शुल्क ही आता नित्याची बाब आहे. सहा मोठ्या प्रकाशकांना २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जगाने निव्वळ लेखकशुल्कापोटी आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातही ‘हायब्रिड’ म्हणवणारी जर्नले ग्रंथालयाकडून वर्गणी घेतातच आणि ज्या निबंधाचे पैसे भरले तेवढाच खुला करतात. एकाच जर्नलला एकच विद्यापीठ दोन खिशांतून पैसे देते.

गरीब देशांतल्या लेखकांना शुल्क माफ आहे, हे प्रकाशकांचे नेहमीचे उत्तर. माफी खरी आहे, पण ती कोणाला मिळते ते पाहावे. स्प्रिंगर नेचरच्या सर्वसाधारण नियमांत सर्वांत गरीब देशांना पूर्ण माफी आणि त्यावरच्या गटातल्या देशांना निम्मी. मात्र या दुसऱ्या गटात बसायला देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन २०० अब्ज डॉलरच्या आत हवे. भारत अर्थातच बाहेर राहतो. गरीब देशांसाठीच्या ‘रिसर्च फॉर लाइफ’ या छत्राखाली वर उल्लेखलेली ‘हिनारी’ येते, आणि त्या यादीवर माफी ठरवणारे प्रकाशकही भारताला धरत नाहीत. देश आकाराने मोठा आहे म्हणून त्याचे एकूण उत्पन्न मोठे दिसते. पण शुल्क देश भरत नाही, गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातला प्राध्यापक भरतो. त्याच्याकडे बहुधा संशोधन प्रकल्पाचा निधी नसतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सीएचबी प्राध्यापकाचा तर विचारच नको. त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग एकाच निबंधात जाईल. जर्मनीने २०१९ पासून वायली, स्प्रिंगर नेचर आणि नंतर एल्सव्हियरशी देशव्यापी करार केले, त्यांत तिथल्या लेखकांचे शुल्क संस्थांच्या पातळीवर सामावून घेतले आहे. म्हणजे श्रीमंत देशाचा संशोधक पैशाचा विचार न करता खुले प्रकाशन करू शकतो. अगदी गरीब देशाचा माफीवर निभावतो, आणि मधल्या मोठ्या देशांचे लेखक उंबऱ्यावर उभे राहतात. पूर्वी वर्गणी नसली तर निबंध वाचता येत नव्हता. मात्र तो मागून घेता येई, ओळखीने मिळवता येई. लेखकशुल्क नसले तर स्वतःचे काम जगासमोर मांडण्याचीच वाट अडते. हे नुकसान जास्त खोल आहे, असे माझे ठाम मत आहे.

शुल्काच्या या रचनेने दुसरे एक विष पेरले आहे. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलचे गिऱ्हाईक वाचक असतो, त्यामुळे वाईट निबंध छापणे त्याला परवडत नाही. शुल्कावर चालणाऱ्या जर्नलचे गिऱ्हाईक लेखक असतो आणि प्रत्येक स्वीकृत निबंधामागे पैसे येतात. नकार देणे म्हणजे उत्पन्न सोडणे. हिंदावी या प्रकाशन संस्थेचे काय झाले ते पाहिले की हे कळते. वायलीने २०२१ च्या आरंभी ती सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. लवकरच तिच्या जर्नलांच्या विशेषांकांत बनावट निबंधांच्या टोळ्या शिरल्याचे उघड झाले, २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले आणि अखेर वायलीने हिंदावी हे नावच बंद केले. ही कोणा फुटकळ ठकाची गोष्ट नव्हती. जगातल्या सर्वांत जुन्या, प्रतिष्ठित प्रकाशकांपैकी एकाच्या हाताखाली हे घडले. आपल्याकडच्या बनावट जर्नलांचा सुळसुळाट याच रचनेतून झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली जर्नले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले: तपासलेल्या १,००९ जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक जर्नले यादीतून काढली. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था आणि पैसे घेऊन छापणारा बाजार यांची गाठ पडली की दुसरे काही होणे कठीण.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ओपन ॲक्सेस म्हणजेच दर्जाची घसरण, तेव्हा जुनी वर्गणीची पद्धतच बरी. हा आक्षेप कारणाची जागा चुकवतो. निबंध खुला आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. उलट खुल्या निबंधातली चोरी आणि चूक लवकर पकडली जाते, कारण तो अधिक लोक वाचतात. दर्जा ढासळतो तो स्वीकृतीवर पैसे मिळतात म्हणून. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस ॲलामॉसला सुरू केलेला ‘आर्काइव्ह’ हा भौतिकशास्त्र आणि गणिताचा संग्रह गेली तीन दशके लेखकाकडून किंवा वाचकाकडून काहीही न घेता चालतो आहे आणि या विषयांतले संशोधक आपले सकाळचे वाचन तिथूनच सुरू करतात. लॅटिन अमेरिकेत ब्राझीलच्या पुढाकाराने ‘सायेलो’ आणि मेक्सिकोत ‘रेडालिक’ उभे राहिले. तिथे विद्यापीठे आणि सरकारे जर्नलांचा खर्च उचलतात, म्हणून ज्ञानावर दोन्हीकडून शुल्क लावण्याची गरज पडत नाही. लेखकाकडून शुल्क न घेणाऱ्या अशा खुल्या जर्नलांना ‘डायमंड’ म्हणतात. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासाने जगभरात त्यांची संख्या १७ हजार ते २९ हजार असावी असे म्हटले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समीक्षकांशी पत्रव्यवहार, भाषेचे संपादन, चोरी आणि बनावट आकृत्यांची तपासणी, मांडणी, दीर्घकाळ जतन, या प्रत्येक कामाला माणसे आणि पैसा लागतो. फुकट काही होत नाही. अगदी मान्य. चांगल्या संपादकाचे श्रम ज्यांनी पाहिले आहेत ते प्रकाशकाच्या कामाला कमी लेखणार नाहीत. प्रश्न आहे तो खर्च किती आणि तो कोणाच्या माथी मारायचा, एवढाच. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या ना-नफा प्रकाशकाने २०२० मध्ये पाच जर्नलांवर एक वेगळा प्रयोग केला: नेहमीची वर्गणीदार ग्रंथालये वर्गणी भरत राहिली तर त्या वर्षीचा अंक सगळ्या जगाला खुला आणि लेखकाला शुल्क नाही, वर्गणीदार गळाले तर अंक पुन्हा बंद. प्रयोग टिकला, वाढला आणि इतर प्रकाशकांनीही तो उचलला. जिनिव्हाच्या सर्न या संस्थेने २०१४ पासून उच्च-ऊर्जा भौतिकीच्या प्रमुख जर्नलांबाबत असेच केले. ग्रंथालयांचा वर्गणीचा पैसा एकत्र करून तो थेट प्रकाशकांना दिला आणि निबंध खुले झाले. त्यात एल्सव्हियर आणि स्प्रिंगर नेचर यांची जर्नलेही आहेत. म्हणजे बड्या व्यापारी प्रकाशकालाही लेखकाच्या खिशात हात न घालता काम करता येते. समोरचा ग्राहक संघटित असला पाहिजे आणि अट त्याने घातली पाहिजे. प्रकाशकाच्या पाठिंब्याची खरी कसोटी मला इथेच दिसते.

या बाबतीत आपल्याला परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणितप्रेमींचा एक क्लब स्थापन केला, तो युरोपातली महागडी गणिती नियतकालिके एकेकट्याला घेता येत नाहीत म्हणून. त्याचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते आणि तिथून अंक टपालाने सभासदांकडे फिरत. हाच क्लब पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाला आणि १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध याच संस्थेच्या नियतकालिकात आला. मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ची परंपरा १९५५ पासूनची. त्याच्याशी जोडलेले डॉ. डी. के. साहू यांनी मेडनो ही प्रकाशन संस्था मुंबईत उभारली आणि वैद्यकीय संघटनांची शंभराहून अधिक जर्नले अशा रीतीने चालवली की इंटरनेटवर वाचकाला मोफत आणि लेखकाकडून शुल्कही नाही. छापील अंकांची वर्गणी, जाहिराती आणि संघटनांचे पाठबळ यांवर खर्च निघत असे. जगात ‘डायमंड’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी मुंबईत हे चालू होते, आणि त्याची जितकी दखल आपण घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली आणि आज तिथली अनेक जर्नले लेखकाकडून शुल्क घेतात. सार्वजनिक पाठबळ मिळाले असते तर ही संस्था आपल्याच हातात राहिली असती, असे मला वाटते. बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने मात्र स्प्रिंगरशी भागीदारी करतानाही आपल्या जर्नलांतले निबंध स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवण्याचा हक्क राखून ठेवला. करारात एक कलम राखून ठेवले, तर एवढा फरक पडतो.

सामान्य माणूस शोधनिबंध कशाला वाचायला जातो, असेही विचारले जाते. विदर्भातल्या कापसाचे उदाहरण घेऊ. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस फस्त केला. बीटीतल्या दोन्ही विषांना अळी कशी सरावली याचा पुरावा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडला, आणि तो निबंध २०१८ मध्ये ‘पेस्ट मॅनेजमेंट सायन्स’ या वायलीच्या, वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये आला. संशोधन आपल्या पैशाचे, अळी आपल्या शेतातली, नुकसान यवतमाळच्या शेतकऱ्याचे. शेतकरी हा इंग्रजी निबंध वाचणार नाही, हे खरे. पण कृषी सहायक, शेतकरी उत्पादक कंपनीतला कृषी पदवीधर, कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी, शेतीवर लिहिणारा पत्रकार हे वाचतात आणि त्यांच्यामार्फतच ज्ञान बांधावर पोहोचते. ही साखळी तुटली की काय होते ते लायबेरियाने भोगले. त्या देशाचा समावेश इबोलाच्या टापूत करायला हवा, असा इशारा युरोपीय शास्त्रज्ञांनी १९८२ च्या एका निबंधात दिला होता. २०१४ च्या साथीत हजारो माणसे मेल्यावर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले, की तो निबंध त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही, आणि असा एक निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर लागतात, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळपास अर्ध्या आठवड्याचा पगार. एका निबंधाने साथ टळली असती असा दावा मी करणार नाही. पण इशारा भिंतीआड राहिला, ही वस्तुस्थिती आहे.

आता सर्वांत ताजा आक्षेप: केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना आणलीच आहे, मग चिंता कसली? मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नले, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-संशोधक. माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. पूर्वी बड्या आयआयटींनाच परवडणारी जर्नले आता जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयात उघडतात. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही ही योजना मुख्यतः वाचनाची आहे आणि वाचणाऱ्यांचीही कक्षा ठरलेली आहे. खासगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत. महाराष्ट्रात विनाअनुदानित संस्थांत किती मुले शिकतात हे वेगळे सांगायला नको. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, लहान उद्योजक, पत्रकार हे सगळे बाहेरच राहतात. भारतीय संशोधकाचा निबंध नेपाळच्या किंवा केनियाच्या विद्यार्थ्याला बंदच राहतो. करार संपला की पुन्हा वाटाघाटी, पुन्हा नवी रक्कम. निबंध बेकायदा मोफत पुरवणाऱ्या ‘साय-हब’सारख्या संकेतस्थळांवर लाखो भारतीय विद्यार्थी विसंबून राहिले ते याच टंचाईमुळे. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. कायदा मोडून मिळवलेले ज्ञान हे धोरण होऊ शकत नाही, हे मान्य; पण कायदेशीर वाट अरुंद ठेवून केवळ आडवाट बुजवणे हेही धोरण नव्हे.

वास्तविक २०१९ च्या सुरुवातीला भारत युरोपच्या ‘प्लॅन एस’मध्ये सामील होईल असे तत्कालीन प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी सूचित केले होते. सरकारी निधीतून झालेले संशोधन प्रसिद्ध होताच खुले झाले पाहिजे, ही त्या योजनेची अट. पुढे भारत तिथून मागे सरला आणि राष्ट्रीय वर्गणीकडे वळला. लेखकशुल्काचा बोजा पाहता हा निर्णय समजण्यासारखा होता. पण त्याच अटीकडे जाणारी बिनखर्चाची वाट आपण वापरत नाही, याचे दुःख आहे. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या केंद्राच्या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच धोरण जाहीर केले, की त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे स्वीकृत हस्तलिखित मुक्त संग्रहात ठेवावे. कागदावर धोरण आहे; प्रकल्पाचा पुढचा हप्ता त्याच्याशी बांधलेला नाही, म्हणून ते फारसे पाळले जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ जुलै २०२५ पासून हेच सक्तीचे केले: तिच्या पैशातून झालेल्या निबंधाचे हस्तलिखित प्रसिद्धीच्या दिवशीच सर्वांना खुले, एका दिवसाचीही मुदत नाही. आपल्याला हे अशक्य नाही, याचा दाखला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेला ‘शोधगंगा’ देतो. पीएच.डी. प्रबंध तिथे जमा करण्याची सक्ती झाली म्हणून आज लाखो प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा त्यात मोठा वाटा आहे. प्रबंधांना लागू पडली ती अट निबंधांना लागू न पडण्याचे कारण नाही.

प्रकाशकांशी झालेला सध्याचा करार २०२७ अखेर संपतो आणि पुढच्या वाटाघाटी त्याआधी होतील. वर्षाला दोन हजार कोटी मोजणारे ग्राहक जगात फार नाहीत; आपण घातलेली अट ऐकून घेतली जाईल. भारतीय संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येक लेखकाला आपले स्वीकृत हस्तलिखित प्रसिद्धीच्याच दिवशी, कोणतेही शुल्क न भरता, संग्रहात ठेवता येईल, हे कलम त्या करारात असलेच पाहिजे. ज्या प्रकाशकाला ओपन ॲक्सेसचा खरा कळवळा आहे त्याला यात अडचण वाटू नये. शिवाय या रकमेतला एक टक्का, म्हणजे वर्षाला वीस कोटी रुपये, लेखकशुल्क न घेणाऱ्या भारतीय जर्नलांसाठी राखून ठेवावा. एका जर्नलला वर्षाला दहा लाख धरले तरी दोनशे जर्नले उभी राहतात, आणि त्यांत मराठीसह भारतीय भाषांतून संशोधन छापणाऱ्यांनाही जागा मिळेल. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी या वाटाघाटींची वाट पाहायचीही गरज नाही. आपापला मुक्त संग्रह चालू करून, पदोन्नतीच्या वेळी तिथे जमा झालेलेच निबंध धरण्याचा ठराव त्यांच्या व्यवस्थापन परिषदांना येत्या बैठकीतच करता येईल.